दांडा आधी, भोक शेवटी: फायबरच्या बॉनेटला पिना बसवताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९९ ची मझदा मियाटा घेतली आहेस. मूळचं बॉनेट काढून हलकं फायबरचं बसवलंस. हायवेवर ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेलं की बॉनेटचे पुढचे दोन्ही कोपरे थरथरताना सीटवरून दिसतात, आणि महिन्याभरात गाडी तुमच्याकडच्या, अमेरिकेतल्या मिड-ओहायोच्या ट्रॅकवर न्यायची आहे. पिनांचा, म्हणजे बॉनेटला बाहेरून अडवणाऱ्या दांडा-क्लिपच्या जोड्यांचा, सेट मागवून ठेवला आहेस. भोकं कुठे पाडायची, कंपनीचं लॉक ठेवायचं की काढायचं, आणि भोक चुकलंच तर काय करायचं, हे विचारलं आहेस.

मी पुण्यात चोवीस वर्षं रॅलीच्या आणि ट्रॅकच्या गाड्या तयार करतो आहे. त्याआधी तीन वर्षं इंग्लंडमधल्या एका गॅरेजात होतो. तिथे तुझ्या गाडीला एमएक्स-५ म्हणतात, आणि तिच्यावर तेव्हा भरपूर काम केलं. बॉनेटला पिना मी शंभराहून जास्त गाड्यांना लावल्या असतील. हे काम एका दुपारचं आहे असं सगळे सांगतात. भोकं पाडायचं काम दुपारचंच आहे, पण मापं घ्यायला पहिल्यांदा पूर्ण दिवस लागतो, आणि तो द्यावा. तू सातारचा आहेस म्हणून हक्काने सांगतो: सेट आला म्हणून लगेच ड्रिल हातात घेऊ नकोस.

आधी कोपरे का थरथरतात ते बघू, कारण पिनेची जागा त्यावरूनच ठरते. तुझ्या गाडीचं बॉनेट मागे काचेजवळ दोन बिजागऱ्यांवर आहे आणि पुढे मधोमध एका लॉकवर. म्हणजे सगळं मिळून तीन ठिकाणी ते धरलेलं आहे, आणि पुढचे दोन्ही कोपरे मोकळे आहेत. मूळच्या ॲल्युमिनियमच्या बॉनेटला आतून सांगाडा असतो, तो हे कोपरे ताठ ठेवतो. स्वस्तातल्या फायबरच्या बॉनेटला बहुतेक वेळा वरचा पापुद्रा आणि खाली नावापुरती एक चौकट असते. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०० ला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ४७ किलो भरतो, १६० ला १२० किलो, २०० ला १९० च्या आसपास. हा सगळा दाब बॉनेट उचलत नाही. पण पुढच्या कडेवरून हवा वळते तिथे वर दाब कमी होतो, आणि रेडिएटरमधून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खालून दाब वाढतो. या दोन्हींचा फरक वाऱ्याच्या दाबाच्या एक तृतीयांश जरी धरला, तरी १६० ला चौरस मीटरच्या बॉनेटला ४० किलोची ओढ वरच्या दिशेने बसते. एवढी ओढ मधल्या एका लॉकवर आणि फायबरमध्ये चिकटवलेल्या त्याच्या कडीवर. ती कडी उखडली की बॉनेट उलटून काचेवर येतं. मी हे एकदा समोर घडताना बघितलं आहे. नाशिकच्या एका रॅलीत आमच्याच गाडीचं झालं, गाडीतले दोघं बचावले आणि त्या दिवसाचं पुढचं सगळं काम मी तिथेच थांबवलं. ती गाडी तयार करणारा मीच होतो. चूक काय होती ते पुढे सांगतो.

फायबरचं बॉनेट आणि पिना ही जोडी जुनी आहे. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला फायबरचं बॉनेट आणि पिना कारखान्यातूनच येत होत्या. १९६९ च्या मध्यात आलेल्या डॉज सुपर बी आणि प्लायमथ रोड रनर यांच्या तीन कार्ब्युरेटरच्या ४४० इंजिनवाल्या गाड्यांना तर बिजागऱ्याच नव्हत्या. चार पिना काढायच्या आणि बॉनेट दोघांनी धरून बाजूला ठेवायचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच पिना शोभेच्या असतात. तुझ्या गाडीला मात्र त्या खरोखर लागणार आहेत, कारण तुझं बॉनेट तसंच आहे.

आता मुद्द्याचं. पिन बॉनेटला खाली ओढून धरण्यासाठी नसते. बॉनेट खाली रबरांवर टेकलेलं असायला हवं, आणि पिनेने ते वर जाण्यापासून फक्त अडवायचं. खालून रबर टेकू देतं, वरून क्लिप अडवते, आणि बॉनेट या दोघांच्या मध्ये निवांत बसतं. ज्याने हे ओळखलं त्याची जागा, उंची, मार्किंग सगळं आपोआप नीट येतं. ज्याने पिनेला लॉक समजून बॉनेट घट्ट खाली खेचलं, त्याच्या बॉनेटला सहा महिन्यांत भोकापासून तडा जातो.

म्हणून पिनेची जागा शोधताना आधी रबरं शोध. पुढच्या आडव्या पट्टीवर, म्हणजे रेडिएटर ज्याला वरून धरलेला असतो त्या पत्र्यावर, दोन्ही बाजूंना स्क्रूने वरखाली होणारी रबरी बटणं असतात. पिन त्यांच्या जितकी जवळ तितकं चांगलं, एक वीतभर अंतर चालतं. रबर मध्यभागी आणि पिन कोपऱ्यात असं झालं तर क्लिप लावताना कोपरा खाली वाकतो आणि मधला भाग फुगतो. तसं होत असेल तर पिनेशेजारी एक जादा रबर लावून टाक. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने थरथर अर्धी तिथेच जाते.

दोन पिना एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेव, पण कडेपासून निदान ५० मिमी आत. फायबरच्या कडेजवळचं भोक म्हणजे फाटायला दिलेलं निमंत्रण. खाली बघताना नुसता पत्रा पक्का आहे का एवढंच बघू नकोस. दांड्याचं खालचं टोक आणि त्याचा नट कुठे येतो तेही बघ: रेडिएटरची टाकी, एसीचा पाइप, हेडलाइटची वायर, भोंगा. मियाटाची बॅटरी मागे डिकीत असते, त्यामुळे पुढे जागा बरी मिळते. तरीही ड्रिल करण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून ठेव. काही गाड्यांमध्ये याच पट्टीवर एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर असतात. तसा एखादा डबा दिसला तर त्याच्या शेजारी भोकही नको आणि हातोडीही नको.

सेट कोणता ते तू लिहिलं नाहीस. बाजारात मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली साधी: आटे पाडलेला दांडा, वरच्या टोकाला आडवं भोक, बॉनेटवर एक गोल किंवा चौकोनी प्लेट, आणि केसात लावायच्या पिनेसारखी दिसणारी स्प्रिंगची क्लिप. दुसरी बटणाची, क्विक-लॅचसारखी: बॉनेटमध्ये एक गोल भोक, त्यात लॅच बसतो, बटण दाबलं की सुटतो. तिसरी एरोकॅचसारखी सपाट, बॉनेटच्या पातळीत बसणारी. तिसरी दिसायला देखणी आहे, पण तिच्यासाठी बॉनेटमध्ये लांबट खिडकी कापावी लागते, आणि बॉनेटला तिथे उतार-गोलाई असेल तर ती नीट बसत नाही. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला मी साधी पिनच घ्यायला सांगतो. भोक लहान, चूक झाली तर दुरुस्तीही लहान. आणि ट्रॅकवर काम करणाऱ्या कुणालाही ती एका नजरेत कळते: क्लिप दिसते म्हणजे लागलेली आहे. तू सपाट जातीचाच सेट घेतला असशील तर एवढं बघ, की त्याची पट्टी ज्या टोकाने उचलायची ते टोक काचेकडे असावं. ते पुढे ठेवलं तर वारा त्याच्याखाली शिरतो.

काम सुरू करण्याआधी बॉनेट गाडीवर सरळ बसव. दोन्ही फेंडरांशी फट सारखी, पुढे बंपरशी सारखी, बिजागऱ्यांचे बोल्ट आवळलेले, रबरांची उंची अशी की बॉनेट फेंडरच्या पातळीत येईल. हे आधी झालंच पाहिजे. पिना लावल्यावर बिजागरी एक-दोन मिलिमीटर हलवली तरी दांडा भोकाला घासायला लागतो.

मग खालच्या पत्र्यात दांडा बसव, आणि तो बसवताना वाकडा बसू देऊ नकोस. इथे लोक गुण्या लावून दांडा जमिनीशी काटकोनात उभा करतात. ते चुकीचं आहे. बॉनेट सरळ खाली येत नाही, बिजागरीभोवती कमानीत फिरत खाली येतं. म्हणून दांडा बिजागरीच्या खिळ्यापासून पिनेपर्यंतच्या रेषेशी काटकोनात हवा. बिजागरीपासून पिन १.१ मीटरवर आहे असं धर आणि दांडा भोकात शेवटचे ३० मिमी शिरतो असं धर. दांडा बरोबर काटकोनात असेल तर त्या ३० मिमीमध्ये भोक पुढेमागे जेमतेम ०.४ मिमी सरकतं, म्हणजे काहीच नाही. पण दांडा पाच अंश तिरका असेल तर तोच फरक अडीच मिमीच्या पुढे जातो आणि बॉनेट दरवेळी अडकतं. मग लोक भोक कानशीने लांबट करतात, आणि लांबट भोकात दांडा खुळखुळतो. मासेमारीची दोरी किंवा साधा दोरा बिजागरीपासून पिनेपर्यंत ताण आणि त्याला गुण्या लाव. दोन मिनिटं लागतात.

खालचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. नुसत्या वॉशरवर भरवसा ठेवू नकोस. ३ मिमी लोखंडाची, साधारण ५० बाय ५० ची पट्टी खालून आणि मोठा वॉशर वरून असं घाल. दांड्यावर दोन नट येतात, पत्र्याच्या वर एक आणि खाली एक. हे दोन्ही एकमेकांविरुद्ध आवळायचे, वर अजून एक चेकनट असेल तर उत्तम. अमेरिकी सेटचे आटे इंचात असतात: ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. पाकिटावर काय लिहिलं आहे ते सोड, कॅलिपरने मोज आणि त्याच्यापेक्षा अर्धा मिमी मोठं भोक पाड. ड्रिल झालं की पत्र्याच्या उघड्या कडेला झिंकचा प्रायमर लाव. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ती कड दोन हिवाळ्यांत गंजेल.

आता बॉनेटचं भोक. नाशिकला उलटलेल्या त्या बॉनेटची गोष्ट इथली आहे. तेव्हा मी वरून माप घेतलं होतं. बंपरच्या कडेपासून इतके, फेंडरपासून इतके, असं टेपने मोजून बॉनेटवर खूण केली आणि वरून भोक पाडलं. एका बाजूला सहा मिलिमीटर चुकलं. दुसऱ्या दिवशी रॅलीची तपासणी होती म्हणून मी भोक कानशीने लांब केलं, दांडा त्यातून जायला लागला, आणि मी ते चाललं म्हणून सोडून दिलं. खडीच्या रस्त्यावर बॉनेट दर धक्क्याला त्या लांब भोकात पुढेमागे आपटत राहिलं, टोकापासून तडा निघाला, आणि पिनेसकट एक तुकडा दांड्यावर राहून बाकीचं बॉनेट उडालं. तेव्हापासून माझ्या गॅरेजात नियम आहे: खूण नेहमी दांड्यानेच करायची, टेपने नाही.

कशी करायची ते बघ. दांडा त्याच्या जागेवर पक्का आहे. तो खाली उतरव, इतका की बॉनेट बंद केल्यावर त्याचं टोक बॉनेटच्या खालच्या बाजूला जेमतेम लागेल. त्याच आट्याचा एक जादा बोल्ट मिळाला तर त्याचं टोक घासून अणकुचीदार कर आणि खुणेपुरता दांड्याच्या जागी तो लाव, हे सगळ्यात चांगलं. नाहीतर दांड्याच्या डोक्यावर शेंदूर किंवा लिपस्टिक लावली तरी चालतं. बॉनेटच्या खालच्या बाजूला मास्किंग टेप चिकटव, बॉनेट हळू खाली आण, कोपऱ्यावर तळहाताने एकदाच दाब, आणि वर उचल. खूण उमटलेली असेल. पुन्हा एकदा कर. दोन्ही वेळा खूण त्याच ठिकाणी आली तरच पुढे जा. वेगवेगळी आली तर बॉनेट बिजागरीत हलतं आहे. आधी ते बघ.

खुणेवर खालून ३ मिमीचं बारीक भोक पाड. तुझ्या बॉनेटला आतली चौकट असेल तर वरचा पापुद्रा आणि खालची चौकट यांत दोन-तीन सेंटिमीटरची पोकळी असते. त्या पोकळीतून ड्रिल तिरकं गेलं की वर भोक भलतीकडे निघतं. तेव्हा दोघंजण लागा: एकाने ड्रिल धरायचं, दुसऱ्याने बाजूने बघून सरळ-तिरकं सांगायचं. बारीक भोक वर निघालं की बॉनेट बंद करून वरून बघ. दांडा त्याच्या बरोबर खाली असायला हवा. एक-दोन मिमीचा फरक असेल तर तो अजून सुधारता येतो, मोठं भोक पाडताना मध्य सरकवून. म्हणूनच मी पहिलं भोक एवढं बारीक ठेवतो.

मोठं भोक मात्र वरून पाड. वरून दोन थर मास्किंग टेप, खाली लाकडाचा ठोकळा दाबून. फायबरवर जेलचा चकचकीत थर असतो, तो पटकन टवके सोडून उडतो. त्यासाठी एक युक्ती: ड्रिल आधी उलटं फिरव. उलट्या फिरण्याने जेलचा थर हळूहळू घासला जातो, तुटत नाही. तो पार झाला की सरळ फिरवून स्टेप बिटने, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या पात्याने, मोठं कर. वेग कमी, हात हलका. दांड्यापेक्षा ३ मिमी मोठं भोक पुरे, प्लेट बाकीचं झाकते. आतल्या चौकटीतलं भोक याहूनही मोठं असलं तरी बिघडत नाही. तोंडाला चांगला मास्क लाव, बाह्या खाली कर, शेजारी व्हॅक्यूम चालू ठेव. फायबरची धूळ कातडीत टोचते, ती दोन दिवस जात नाही, आणि फुप्फुसात तर ती जाऊच नये. भोकाच्या कडेला आतून रेझिनचा हात दे, म्हणजे थरांमध्ये पाणी शिरत नाही.

यानंतरची पायरी नव्वद टक्के लोक गाळतात: भोकाच्या खालून धातूची प्लेट. २ मिमी ॲल्युमिनियमची, ८० बाय ८० ची, कोपरे गोल केलेली, इपॉक्सीने चिकटवलेली. एफआयए म्हणजे मोटर स्पर्धांची जागतिक संघटना, तिच्या नियमपुस्तकात बॉनेटच्या जादा पिनांचं कलम आहे. त्यात प्लास्टिकचे भाग वापरले तर ते फाटू नयेत म्हणून धातूचा आधार द्यायलाच हवा असं स्पष्ट लिहिलं आहे. तू स्पर्धेत उतरणार नाहीस, पण तुझं फायबर काही वेगळं वागणार नाही. बॉनेट फायबरऐवजी कार्बनचं असतं तर इपॉक्सीचा थर अखंड ठेवायला सांगितलं असतं, कारण कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वरची प्लेट सेटमधल्या छोट्या स्क्रूंनी लावू नकोस. फायबरमध्ये ते आटे धरत नाहीत. रिवेटही नको, ठोकताना फायबर चिरतं. एम४ चे, म्हणजे ४ मिमीचे, बोल्ट आरपार घाल आणि खालून नायलॉकचे, म्हणजे आपोआप सैल न होणारे, नट.

आता उंची. बॉनेट बंद कर, रबरांवर टेकू दे, कंपनीचं लॉक लागू दे. क्लिपचं आडवं भोक प्लेटच्या अगदी वर दिसलं पाहिजे. क्लिप घातल्यावर ती आणि प्लेट यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक हवी, पोस्टकार्डाचे दोन-तीन थर जातील एवढी. क्लिप दोन बोटांनी आत गेली पाहिजे. बॉनेटवर हात दाबून धरावा लागत असेल तर दांडा एक-दोन वेढे वर घे. उलट, क्लिप लावल्यावर बॉनेटचा कोपरा बोटाने वर उचलून खडखड वाजत असेल तर दांडा खाली घे. जमलं की चेकनट आवळ आणि नटापासून पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ मार. पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल.

क्लिपची दिशा: गोल डोकं पुढे, पाय काचेकडे. वारा तिला आतच ढकलेल. क्लिपला बांधायची प्लास्टिक चढवलेली तार असते, ती लांब सोडू नकोस, नाहीतर रंगावर रोज अर्धवर्तुळ कोरत राहील. तिचं दुसरं टोक जाळीच्या आत बांध.

कंपनीच्या लॉकचा प्रश्न तू दुसऱ्या नंबरला विचारलास, पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं लॉक काढू नकोस. तुमच्याकडे अमेरिकेत सुरक्षा नियम क्रमांक ११३ आहे. त्यानुसार पुढून उघडणारं आणि उघडल्यावर चालकाची नजर अडवणारं बॉनेट असेल तर त्याला दुसरी पायरी किंवा दुसरं लॉक लागतंच. त्यामागचं कारण साधं आहे. पहिलं लॉक चुकून सुटलं तर दुसरं धरून ठेवतं. क्लिप लावायला विसरण्याची शक्यता तुझ्यातही आहे आणि माझ्यातही. लॉक ठेवलं असेल तर अशा दिवशी फक्त कोपरे थरथरतील. फायबरच्या बॉनेटमध्ये त्या लॉकची कडी कशी बसवली आहे तेही एकदा बघ: नुसती रेझिनमध्ये पुरलेली असेल तर तिच्या मागेही प्लेट दे.

स्पर्धेच्या गाडीचं वेगळं. तिथे एफआयएचा नियम उलट आहे: बॉनेटला आणि डिकीला प्रत्येकी निदान दोन जादा पिना, आणि मूळ लॉक काढलेलं किंवा निकामी केलेलं. आग लागली तर मार्शलला गाडीच्या आत हात घालून खटका न शोधता बाहेरूनच बॉनेट उघडता आलं पाहिजे, हे त्याचं कारण. तुझा ट्रॅकचा दिवस कुठल्या क्लबचा आहे त्यांना आधी विचार. बहुतेक ठिकाणी रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही एकत्र चालतात.

भोक चुकलंच तर ते लांबट करू नकोस, बुजव. फायबरचा हाच मोठा गुण आहे की तो दुरुस्त होतो. खालच्या बाजूने भोकाभोवती पन्नासेक मिलिमीटरपर्यंत घासून उतार कर, वरून टेप लाव, आणि खालून इपॉक्सीत भिजवलेल्या विणलेल्या काचेच्या कापडाचे तीन-चार थर दे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. विस्कटलेल्या धाग्यांची मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नकोस. तिचे धागे बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. आणि तुझं बॉनेट पॉलिएस्टरचं असेल तरी दुरुस्ती इपॉक्सीनेच कर, ती त्याला चांगली धरते. एक दिवस सुकू दे, मग पुन्हा दांड्याने खूण कर.

एक मोह टाळ. मियाटावाले इंजिन थंड राहावं म्हणून बॉनेट मागच्या बाजूला वॉशर घालून उचलतात. काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो. वेगात तिथून हवा बाहेर निघत नाही, उलट आत येते, बॉनेटखाली दाब वाढतो आणि तुझ्या नव्या पिनांवर जास्त ओढ येते. थंड ठेवायचंच असेल तर रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या अर्ध्यात जाळ्या काप. तिथे वर दाब कमी असतो, गरम हवा ओढली जाते आणि उचलही कमी होते.

हे उत्तर वाचून नव्या गाडीला पिना लावायला निघालेल्यांना दोन शब्द. युरोप आणि जपानमधल्या २०१५ नंतरच्या एमएक्स-५ ला, आणि जपानमध्ये फेअरलेडी झेड म्हणून विकल्या गेलेल्या निसान ३७०झेडला, पादचाऱ्याला धडक बसली तर स्फोटकाने मागून उचललं जाणारं बॉनेट असतं. अशा बॉनेटला मागे पिना लावणं म्हणजे ती यंत्रणा बांधून टाकणं. आणि पुण्या-मुंबईच्या रोजच्या रहदारीतल्या हॅचबॅकला मी पिना लावून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. वर आलेला लोखंडी दांडा दुचाकीवाल्याच्या गुडघ्यात किंवा डोक्यात जातो, आणि मूळ बॉनेट ताशी ऐंशीला थरथरत नाही.

सगळं बसलं की बॉनेट वीस वेळा उघड-बंद कर. दांडा भोकाच्या मध्यातून जातो आहे ना, कुठे घासल्याची चमक आहे का, ते बघ. मग रिकाम्या रस्त्यावर आधी ६०, मग १००, शेजारी कुणाला तरी बसवून फक्त कोपऱ्यांकडे बघायला सांग. ट्रॅकवर पहिल्या फेऱ्या संपून गाडी आत आली की इंजिन गरम असतानाच रंगाच्या रेघा बघ, रबर सपाट झालंय का बघ, आणि भोकांच्या कडेला नखाने चाचपून केसाएवढी रेघ सापडते का बघ. नवी रबरं पहिल्या दिवशी हमखास दबतात, तेव्हा दांडा अर्धा वेढा खाली घ्यावा लागेल. पाना बरोबर ठेव.

आणि ड्रिल करण्याआधी पुढच्या पट्टीचा खालून काढलेला फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा, रबरं दिसतील असा. सेटची जात आणि दांड्याची जाडीही लिही. तुझ्याकडे सकाळ होईपर्यंत उत्तर देतो.